सिस्टरची ॲलर्जी ही तिची खासगी बाब नाही

भरताचा हंगाम आला की खान्देशातल्या दवाखान्यांतही भरीत पार्ट्या होतात. मागच्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका खासगी रुग्णालयात अशाच पार्टीनंतर नाइट ड्युटीवरच्या एका स्टाफ नर्सला शेंगदाण्याची जीवघेणी रिॲक्शन आली. मला दाणे चालत नाहीत, हे तिने आधीच सांगितलं होतं. मैत्रिणींनी मायेने तिच्या ताटलीतले तळलेले दाणे वेचून काढले आणि भरीत तिच्यापुढे सरकवलं. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास लागला. ती वाचली. पण तेव्हापासून नर्सेसच्या चेंजिंग रूमपासून डॉक्टरांच्या बैठकांपर्यंत जो वाद चालला आहे, तो ऐकून वाईट वाटतं. एक बाजू म्हणते, ही शहरी थेरं आहेत, आमच्या आज्या-पणज्यांनी दाण्यांवर पोरं वाढवली. दुसरी बाजू म्हणते, रुग्णालयाच्या आवारात शेंगदाणाच बंद करून टाका. दोघंही शेंगदाण्यावर भांडतात. ती मुलगी ज्या जागी, ज्या वेळी, ज्या स्थितीत काम करत होती, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, शेवटची वर्षं इन्चार्ज सिस्टर म्हणून. त्या अनुभवावर विसंबून सांगते: रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाची अन्नाची तीव्र ॲलर्जी हा कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, सुई टोचण्याइतकाच आणि एक्स-रेच्या किरणांइतकाच. पदार्थावर बंदी घालून तो सुटत नाही आणि 'ज्याचं त्याने बघावं' म्हणून तर मुळीच सुटत नाही. ताटात काय आहे हे माणसाला कळलं पाहिजे, ॲलर्जी सांगितली म्हणून नोकरी धोक्यात येता कामा नये, आणि वेळ आलीच तर शेजारी उभ्या असलेल्या नर्सला कोणाच्या ऑर्डरची वाट न बघता ॲड्रेनालिन, म्हणजे अशा रिॲक्शनवरचं जीव वाचवणारं इंजेक्शन, टोचता आलं पाहिजे.

पहिल्या बाजूचं सगळंच म्हणणं खोटं नाही, हे आधी मान्य करते. बंगळूर-मैसूर भागातल्या प्रौढांच्या सर्वेक्षणात अन्नाच्या ॲलर्जीचं प्रमाण १.२ टक्के आढळलं होतं. पाश्चात्त्य देशांतले आकडे याहून बरेच मोठे असतात. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने तर आजीबाईंच्या बाजूने कौल दिला. ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षापासूनच शेंगदाणा नियमित चारला, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी भरलं. बाळाच्या खिमटात चिमूटभर कूट घालणारी आजी अडाणी नव्हती. पण प्रमाण कमी आहे यावरून माणसं नाहीतच, असं कसं ठरतं? पाचशे कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयात १.२ टक्के म्हणजे सहा माणसं. सगळ्यांची ॲलर्जी जीवघेणी नसेल. एकाची असली तरी तो माणूस आयसीयूत रात्रपाळी करतो, हे विसरून कसं चालेल?

शिवाय आपल्याकडे हे प्रसंग मोजले कुठे जातात? ड्युटीवर एखादी सिस्टर घामाघूम होऊन खाली बसली की 'बीपी लो झालं', 'नाश्ता केला नसेल', 'गॅस झाला' असं म्हणून सलाइन लावलं जातं. अंगावर गांधी उठल्या की पित्त म्हणून आमसूल चोळतात. तासाभराने बरं वाटलं की ती पुन्हा राउंडला लागते. कागदावर काहीच येत नाही, आणि कागदावर नाही म्हणून प्रश्नच नाही.

आता या वादात कोणीच न काढलेला मुद्दा. ॲलर्जी म्हणजे शरीरात बसवलेली एकाच जागी थांबणारी रेघ नव्हे. आज चालून गेलेला घास उद्या चालेलच असं नाही. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या प्रौढांना पोटात नेमके मोजलेले दाणे देऊन तपासलं गेलं, एकदा नुसतं, एकदा व्यायामानंतर, एकदा रात्रीची झोप मोडल्यावर. २०१९ साली त्याचे निष्कर्ष आले. व्यायाम असो वा जागरण, रिॲक्शन यायला लागणारं दाण्यांचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी खाली आलं. म्हणजे विसावलेल्या माणसाला जेवढ्या कणांनी काही झालं नसतं, तेवढेच कण जागरणाने आणि धावपळीने थकलेल्या शरीराला आडवं करू शकतात. नाइट ड्युटी म्हणजे दुसरं काय असतं? एका सिस्टरकडे तीस-तीस पेशंट, स्टोअरपासून कॅज्युअल्टीपर्यंत पळापळ, पहाटे तीनला मिळालेला जेवायला वेळ, आणि कंबर दुखते म्हणून घेतलेली वेदनाशामक गोळी. या गोळ्यांमधल्या ब्रुफेन, डायक्लोफेनाकसारख्या औषधांनीही अन्नाची रिॲक्शन भडकू शकते, हे वैद्यकात माहीत आहे. ॲलर्जी तिने घरून आणली असेल. तिची धार मात्र ड्युटी रोस्टरने वाढवली. मग ती खासगी बाब कशी राहिली?

कित्येकदा तर ॲलर्जी घरून आणलेलीही नसते, रुग्णालयच ती देतं. यासाठी हातमोज्यांचा इतिहास बघावा लागतो. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या सर्जनच्या शस्त्रक्रियागृहात कॅरोलिन हॅम्प्टन नावाची परिचारिका होती. निर्जंतुक करायला वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या द्रावणाने तिचे हात सोलवटून निघत. हॉलस्टेडने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. शस्त्रक्रियेतल्या रबरी मोज्याची सुरुवात एका नर्सच्या कातडीची काळजी घेण्यातून झाली, ही गोष्ट आजच्या कोणत्याही व्यवस्थापकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिला त्रास होतो म्हणून तिला घरी पाठवलं नाही, खरेदीची ऑर्डर दिली.

पुढे १९८७ साली एचआयव्हीच्या भीतीने अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य समजून काम करण्याच्या सूचना दिल्या आणि जगभर हातमोज्यांचा वापर प्रचंड वाढला. आमच्या सुरुवातीच्या काळात तर मोजे फेकत नसत. वापरलेले मोजे धुवायचे, फुगवून भोक बघायचं, तारेवर वाळवायचे, आतबाहेर पावडर लावायची, जोड्या करून ड्रममध्ये भरायच्या आणि वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हला पाठवायच्या. दुपारच्या शांत वेळेत आम्ही चौघी-पाचजणी गोल करून हे काम करायचो तेव्हा ट्रीटमेंट रूममध्ये पांढरा धुरळा तरंगायचा, पापण्यांवर बसायचा. लेटेक्समधली, म्हणजे मोज्यांच्या नैसर्गिक रबरातली, प्रथिनं त्या पावडरीला चिकटतात आणि तिच्याबरोबर श्वासात जातात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. १९९७ साली अमेरिकेच्या नायॉश या कामगार आरोग्य संस्थेने इशारा दिला, त्यात लेटेक्सशी नेहमी संबंध येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ८ ते १२ टक्के लोकांची शरीरं त्याविरुद्ध संवेदनशील झाल्याचं म्हटलं होतं. जर्मनीने १९९८ साली कामाच्या जागी पावडरचे लेटेक्स मोजे बंद केले आणि तिथल्या नव्या रुग्णांची संख्या घसरत गेली. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून पावडरचे वैद्यकीय मोजे बेकायदा ठरवले. आपल्याकडे ते अजून सर्रास येतात.

याचा अन्नाशी संबंध काय? फार जवळचा, आणि खान्देशाला तर सगळ्यात जवळचा. रबराच्या चिकातल्या काही प्रथिनांशी केळी, पपई, किवी, ॲव्होकाडो यांमधल्या प्रथिनांचं साम्य आहे. लेटेक्सची ॲलर्जी असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश ते निम्म्या लोकांना अशा एखाद्या फळाचाही त्रास होऊ शकतो, कोणाला ओठाच्या खाजेपुरता, कोणाला थेट ॲनाफिलॅक्सिसपर्यंत, म्हणजे सगळ्या शरीराला ग्रासणाऱ्या जीवघेण्या रिॲक्शनपर्यंत. आता आमचा नकाशा बघा. रावेर, यावल, चोपडा म्हणजे केळी. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. शहादा म्हणजे पपई. पेशंटचे नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी प्रेमाने केळीचा फणा नर्सिंग स्टेशनवर ठेवून जातात. रात्री भूक लागली की हात तिथेच जातो. लहानपणापासून केळीच्या बागेत वाढलेल्या मुलीला तिशीत पहिल्यांदा केळी खाऊन घसा आवळल्यासारखा वाटतो, तेव्हा ती केळीवर मारलेल्या औषधाला दोष देते किंवा घशाच्या डॉक्टरकडे जाते. हातमोज्यांकडे तिचं लक्ष कसं जाणार? आणि 'ज्याचं त्याने बघावं' म्हणणाऱ्यांनी सांगावं, की जे तिला तिच्या कामाने दिलं ते तिने एकटीने का बघावं?

असंच इसबगोलाचं. रुग्णांना बद्धकोष्ठासाठी भुशीची पूड रोज ढवळून देणाऱ्या परदेशातल्या नर्सेसच्या श्वासात ती पूड जात राहिली, त्यांना तिची ॲलर्जी जडली, आणि १९९० च्या सुमारास न्याहारीच्या धान्यात इसबगोल घातलेला पदार्थ खाल्ल्यावर त्यांपैकी काहींना तीव्र रिॲक्शन आल्या. वॉर्डातलं काम आणि ताटातला घास यांच्यामध्ये आपण समजतो तशी भिंत नाही.

मग शेंगदाणा बंद करा म्हणणाऱ्यांचं काय? त्यांची कळकळ खरी आहे, आणि पहिल्या बाजूपेक्षा त्यांना माणसाच्या जिवाची चाड जास्त आहे, हे मी मानते. पण खान्देशात ही बंदी टिकणार नाही आणि टिकू नये. शेवभाजीच्या काळ्या रश्श्यात दाणे, ठेच्यात दाणे, वांग्याच्या भाजीत कूट, घाण्याचं तेल शेंगदाण्याचं. आषाढी, महाशिवरात्र, नवरात्रात कॅन्टीनमध्ये साबुदाण्याची खिचडी आणि भगरीबरोबर दाण्याची आमटी, म्हणजे त्या दिवशी दाण्याशिवाय काही मिळणंच कठीण. रुग्णांचे डबे गावाहून येतात. सातपुड्यातून आलेल्या बाईच्या फडक्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी गेटवर कोण काढून घेणार, आणि कोणत्या तोंडाने? नंदुरबारकडे कुपोषित लेकरांना दाणे-गुळाचा लाडू देऊन आपण उभं करतो. गरिबाच्या ताटातलं सगळ्यात स्वस्त सकस अन्न हद्दपार करून सुरक्षितता आणता येत नाही. आणि समजा फाटकावर पाटी लावली, तर सगळे गाफील होतील. आवारात दाणा नाहीच, म्हणून कोणी विचारणार नाही, कोणी सांगणार नाही, आणि कोणाच्या तरी डब्यातून तो येईलच. त्या रात्री दाणे वेचून काढणाऱ्या मैत्रिणींनाही असंच वाटलं होतं, की डोळ्यांना दिसणारं काढलं म्हणजे झालं. भरतात मिसळलेला दाण्याचा अंश कोणी वेचणार नव्हतं. रिफाइन्ड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण घाण्याच्या तेलात उरतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. बंदीने हे ज्ञान येत नाही.

माहिती देण्याची कायदेशीर सोयही अर्धवट आहे. २०२० च्या लेबलिंग नियमांनी पाकिटबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्य, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणा व सुकामेवा, सोयाबीन आणि ठराविक मर्यादेपुढचे सल्फाइट यांचा उल्लेख सक्तीचा केला. ज्या पिठावर आमची शेव, फुनके, पाटोड्या उभ्या आहेत ते हरभऱ्याचं बेसन त्या यादीत नाही. आणि रुग्णालयाच्या आवारातली एकट्या ठेकेदाराची कॅन्टीन काही देशभर शाखा असलेली साखळी नव्हे; तिथे फळ्यावर पोह्यांचा भाव असतो, पोह्यांत काय आहे हे नसतं. नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलवरच्या मुलींना तर मेसमध्ये जे येईल ते खायचं असतं. फळ्यावर भावाशेजारी 'दाणे आहेत', 'बेसन आहे', 'दूध आहे' एवढं खडूने लिहायला कायद्यात बदल कशाला हवा?

यापेक्षा अवघड अडचण आहे ती सोबत जेवण्याची, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणारा कोणताही सल्ला वॉर्डात टिकणार नाही. डबा वाटून खाणं ही आमच्याकडे क्षुल्लक गोष्ट नव्हे. कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या हातचं नाही, यावर या समाजाने पिढ्यान् पिढ्या माणसांना तोलून खाली ढकललं. महाडला १९२७ साली तळ्यातल्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. अमळनेरला ज्यांनी शिकवलं त्या साने गुरुजींना १९४७ साली पंढरपूरच्या मंदिराची दारं उघडावीत म्हणून प्राण पणाला लावावे लागले. अशा भूमीत एखाद्या सिस्टरने सफाईच्या मावशींच्या डब्यातली भाजी 'मला नको' म्हणून नाकारली, की मावशींच्या मनात पहिली शंका काय येत असेल? मी ती शंका डोळ्यांत पाहिलेली आहे. आणि तेच टाळण्यासाठी, मावशींना वाईट वाटू नये म्हणून, घास तोंडात घातलेल्या मुलीही पाहिल्या आहेत. 'एक घास खाईसन काय व्हस?' असं लाडाने म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. प्रसादाला नाही म्हणणं तर त्याहून कठीण. म्हणूनच ॲलर्जी ही गुपचूप सांभाळायची गोष्ट राहता कामा नये. सगळ्या वॉर्डाला ती माहीत असेल, तर नाकारण्याचा अर्थ एकच उरतो आणि मावशींचा अपमानही होत नाही. उलट मावशीच दुसऱ्या दिवशी कूट न घालता भाजी आणतात.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद: दवाखान्यातच रिॲक्शन आली ना, मग काळजी कसली, डॉक्टर शेजारीच आहेत. हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. आपण काय काय जाणतो ते आधी बघू. १९०२ साली रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ॲनाफिलॅक्सिस ओळखला, रिशेंना १९१३ साली त्यासाठी नोबेल मिळालं. उपाय आपल्या हाताशी आहे: मोठ्या माणसाला ॲड्रेनालिन अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूला, स्नायूत. फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. पेशंटला आडवं ठेवायचं, पाय वर. दम लागत असेल तर टेकून बसवायचं, पण उभं करायचं नाही, चालवायचं तर नाहीच, कारण हृदयाकडे परतणारं रक्त एकाएकी घटून तिथेच प्राण जाऊ शकतो. हे आपल्या रुग्णालयांना करता येत नाही का? येतं. पावसाळ्यात शेतातून सर्पदंशाचा पेशंट आला की एएसव्ही, म्हणजे विषावरचं औषध, चढवण्याआधी आम्ही ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवतो. २०२१ साली लस घेतल्यावर अख्खा जिल्हा अर्धा तास प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिला तो याच रिॲक्शनच्या धास्तीने. पेशंटसाठी आपण सज्ज असतो.

पण पडणारी व्यक्ती युनिफॉर्ममध्ये असली की सगळ्यांचे हात वेगळेच वागतात. त्या भरीत पार्टीच्या रात्री पहिलं इंजेक्शन एव्हिल या खाजेवरच्या औषधाचं गेलं, दुसरं हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं. मग तिला हाताला धरून जिन्याने कॅज्युअल्टीत चालवत नेलं. ॲड्रेनालिन त्यानंतर, ड्युटी डॉक्टर आल्यावर. त्या मैत्रिणींना दोष देववत नाही, कारण जवळपास सगळीकडे असंच होतं. एव्हिलने खाज थांबते, आवळत चाललेला घसा मोकळा होत नाही आणि कोसळणारं बीपी सावरत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात. ब्रिटनमध्ये ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा अभ्यास झाला, त्यात अन्नामुळे झालेल्या घटनांत हृदय बंद पडायला साधारण अर्धा तास लागल्याचं दिसलं. त्या अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं डॉक्टरांना फोन लावण्यात गेली तर शेजारी डॉक्टर असून उपयोग काय? आमच्या शिक्षणात ॲड्रेनालिन म्हणजे हृदय बंद पडल्यावरचं औषध, अशी भीती मनात बसवलेली असते. ट्रेमध्ये ॲम्प्यूल असते, हात धजत नाही. कारण उद्या कोणी विचारलं, 'ऑर्डर कोणाची होती?' तर उत्तर द्यायला सिस्टर एकटी असते. लेखी स्थायी आदेश लागतो: ही लक्षणं दिसली की ड्युटीवरच्या नर्सने पहिला डोस द्यायचा, फोन नंतर. या ॲम्प्यूलला चहा-नाश्त्याएवढेही पैसे लागत नाहीत. सही लागते, आणि ती सही करायला अधीक्षक कचरतात.

अशी मुभा देणं धोक्याचं आहे, असं काही डॉक्टर मनापासून म्हणतात. चुकून शिरेतून दिलं तर? हृदयरोग असलेल्याला दिलं तर? भीती रास्त आहे. शिरेतून दिलेला तोच डोस घात करू शकतो. पण म्हणून तर मांडी, म्हणून तर स्नायू, म्हणून तर मोजलेला अर्धा मिलिग्रॅम, आणि म्हणून तर वर्षातून एकदा तरी सराव. आणि हा विश्वास आपण एका जागी आधीच टाकलेला आहे. लसीकरण सत्राला जाणाऱ्या एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सच्या, सामानात ॲनाफिलॅक्सिसचं किट असतं आणि बाळाला रिॲक्शन आल्याची शंका आली तर ॲड्रेनालिनचा एक डोस देऊन पुढे पाठवण्याचं प्रशिक्षण तिला दिलेलं असतं. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरातली ही मुलगी. डॉक्टर कित्येक मैलांवर, पावसात रस्ता वाहून गेलेला, मोबाइलला रेंज नाही. तिच्यावर आपण दुसऱ्याच्या लेकराचा जीव सोपवतो, तर जिल्ह्याच्या रुग्णालयात वीस वर्षं काढलेल्या सिस्टरवर सोपवायला काय हरकत आहे? आणि त्याच एएनएमला स्वतःला रिॲक्शन आली तर? उपकेंद्रात ती एकटीच असते. तेच किट स्वतःच्या मांडीवर वापरायला तिला कोणी कधी शिकवलं आहे का?

खोट्या ॲलर्जीचा बागुलबुवाही उभा केला जातो: मोकळीक दिली की प्रत्येकजण काहीतरी सांगेल आणि ड्युटी टाळेल. स्वतःहून ॲलर्जी सांगणाऱ्या सगळ्यांना ती नसते, हे खरं. ज्या सर्वेक्षणाचा वर उल्लेख केला, त्यातही चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध संवेदनशीलता दिसली होती, प्रत्यक्ष ॲलर्जी मात्र १.२ टक्क्यांना. म्हणूनच नीट इतिहास घेणारा तज्ज्ञ आणि नीट तपासणी हवी. ती कर्मचाऱ्याने रजा टाकून, पदरचे पैसे घालून नाशिक-पुण्याला जाऊन करायची आणि वर संशयही सोसायचा, हा न्याय नव्हे. आणि दाणे न खाल्ल्याने कोणाची ड्युटी टळते? खरं चित्र उलटं आहे. ११ महिन्यांच्या ऑर्डरवर काम करणारी कंत्राटी सिस्टर काहीच सांगत नाही, कारण 'आजारी' असा शिक्का बसला की पुढची ऑर्डर निघेल की नाही, याची तिला धास्ती असते.

सुई टोचण्याच्या बाबतीत आपण हेच सगळं पाहिलेलं आहे. एक काळ असा होता की वापरलेली सुई बोटात गेली तर सिस्टर ते लपवायची. सांगितलं तर 'लक्ष कुठे होतं?' हे ऐकावं लागे. कावीळ झाली तर तिचं नशीब. मग एचआयव्ही आला, आणि हळूहळू का होईना नियम आले: नोंदवही, हेपटायटिस बीची लस, ७२ तासांच्या आत आणि शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू करायच्या गोळ्या, सुया टाकायला न भोसकणारे डबे, सुईला टोपण परत लावायची मनाई. सुया कोणी बंद केल्या का? नाही. टोचून घेणाऱ्यांना कामावरून काढलं का? नाही. लाज काढून टाकली, औषध हाताशी ठेवलं, आणि वस्तू बदलल्या. त्या वेळीही हेच म्हणत होते, की प्रमाण कमी आहे, खर्च परवडणार नाही, मुली काळजी घेत नाहीत.

धुळे, जळगाव आणि आता नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. शेकडो विद्यार्थी, इंटर्न, नर्सिंगच्या मुली दर वर्षी या वॉर्डांत येतात, त्यांतले कितीतरी परजिल्ह्यांतले, ज्यांना आमच्या काळ्या मसाल्यात काय काय भाजून घातलेलं असतं हे माहीत नसतं. रुजू होताना त्यांना रक्तगट विचारतात. अन्नाची आणि लेटेक्सची ॲलर्जी विचारणारा एक रकाना त्याच फॉर्मवर मावतो. इमर्जन्सी ट्रेची तपासणी रोज होतेच, त्यात ॲड्रेनालिनच्या तारखेबरोबर ते कोण देऊ शकतं हे ट्रेच्या झाकणावर मराठीत चिकटवता येतं. हातमोज्यांचं मात्र स्टोअरच्या हातात आहे. पुढच्या आर्थिक वर्षाची मागणीपत्रकं लवकरच भरली जातील. मोज्यांच्या ओळीत 'पावडरविरहित' हा शब्द आणि ज्यांना लेटेक्स चालत नाही त्यांच्यासाठी नायट्राइल या कृत्रिम रबराच्या मोज्यांची काही खोकी, एवढं प्रत्येक मेट्रनने आणि स्टोअरच्या फार्मासिस्टने याच मागणीत लिहावं. दर जास्त म्हणून कोणी ती ओळ खोडलीच, तर खोडणाऱ्याने शेजारी सही करावी.